पाठमोरं घर

घर नीटनेटकं ठेवायला पैसा लागतो असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. खराटा लागतो, खराटा! खराटा, ऊन आणि सकाळी लवकर उठायची तयारी. मी फुआतिनो, आमच्या गावच्या महिला समितीची प्रमुख. दर महिन्याला आम्ही बायका एकाच कापडाच्या लुंग्या नेसून घरोघर तपासणीला जातो. शिट्टी माझ्या गळ्यात असते. चटया उन्हात घातल्यात का, डुकरं कोंडलीत का, संडासात बादलीभर पाणी आहे का, अंगणात पानं पडलीत का, सगळं बघायचं. नापास झालं की दंड. माझ्या सख्ख्या सुनेलासुद्धा मी सोडलेलं नाही. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. न बोलेना का!

दंडाबरोबर सल्ला मात्र फुकट देते. नीरफणसाचं झाड घराला खेटून लावू नका, फळ पडून छपराचा पत्रा चेपतो. जोत्याभोवती प्रवाळाचे पांढरे खडे पसरा, पावसाचं पाणी मुरतं आणि चिखल उडत नाही. ते खडे वर्षातून एकदा उचलून समुद्रात धुऊन आणा. केवड्याच्या चटया ऊन पाठीवर घेतील अशा पालथ्या घाला, सुलट्या घातल्या की रंग उडतो. क्रोटनचं कुंपण कमरेच्या वर वाढू देऊ नका, नाहीतर शेजारीण मेली तरी तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळेल.

तर ही गोष्ट लोसामावशीच्या घराची.

लोसामावशी म्हणजे माझ्या आईची चुलत बहीण. गुडघ्यांनी बेजार, पण जीभ अजून तरणीताठी. तिचं जुनं घर आमच्या सवाई बेटावरच्या सगळ्या जुन्या घरांसारखं होतं. दगडी जोतं, गोल खांब, वर छप्पर आणि भिंत नावाला नाही. पाऊस आला की झावळ्यांचे पडदे सोडायचे, थांबला की गुंडाळायचे. समोर इओआनेकाकांचं थडगं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. त्यापुढे रस्ता, रस्त्यापलीकडे गावमैदान. मावशी चटईवर बसून पंख्यानं वारा घेत दिवसभर जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, "या हो, जेवायला या!" जाणारा म्हणायचा, "जेवा, जेवा, असू द्या." जेवायला कुणी येत नाही, पण हाक मारली नाही तर घराण्याची अब्रू जाते. मावशीच्या हाकेतून सुटून शाळेत जाणं आमच्या लहानपणीही कुणाला जमलं नव्हतं.

तिचा मुलगा सेमीसी ऑकलंडला. वीस वर्षं झाली. बायकोमुलांसकट तिथंच राहतो आणि मांसाच्या शीतगोदामात रात्रपाळी करतो. गुणी पोरगा, त्याच्याबद्दल वाईट बोलणाऱ्याची जीभ झडेल. त्याला वाटलं, आई म्हातारी झाली, पावसात भिजते, तिला पक्कं घर बांधून द्यावं. घर पाहावं बांधून म्हणतात ते काही खोटं नाही. तिकडच्याच एका नकाशेवाल्याकडून त्यानं नकाशा काढून घेतला, सामान कंटेनरमधून पाठवलं आणि भाऊबंदांना फोनवरून सांगितलं, "नकाशात आहे तस्संच बांधा, एक वीट इकडची तिकडे नको."

भाऊबंदांनी नकाशा उलगडला आणि एकमेकांची तोंडं बघितली.

घराचं तोंड समुद्राकडे होतं! मोठी काचेची दारं समुद्राकडे, लाकडी ओटा समुद्राकडे, खुर्च्या समुद्राकडे. आणि रस्त्याच्या बाजूला, गावाच्या तोंडासमोर, काकांच्या थडग्यासमोर काय? संडास. संडास, न्हाणी आणि कपडे वाळवायची दोरी. दार एकसुद्धा नाही.

परदेशातल्या माणसाला समुद्राचं भारी कौतुक. आमच्याकडे समुद्राची बाजू म्हणजे परसदार. तिथं डुकरं, होड्या आणि केरकचरा. पण सेमीसीनं वीस वर्षं कष्ट करून पाठवलेलं, त्याला "बाबा रे, तुझं घर उलटं आहे" हे सांगणार कोण? कुणीच नाही सांगितलं. हौसेला मोल नसतं म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जुनं पाडून त्याच जागी नवं घर बांधलं. सावली म्हणून असलेला समोरचा आंबाही कंटेनर आत यायला आडवा येतो म्हणून तोडला. उद्‌घाटनाला सेमीसी दोनच दिवस आला. पाद्रीबुवा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आशीर्वाद द्यायला आले, त्यांना घराला वळसा घालून डुकरांच्या वाटेनं जावं लागलं, आणि जे तुडवायचं ते त्यांनी तुडवलं. आशीर्वाद जरा घाईतच झाला.

त्यानंतर लोसामावशी दिसेनाशी झाली.

रविवारी चर्चला पुतण्या गाडीतून आणायचा तेवढीच. बाकी आठवडा शांत. मग गावात कुजबुज सुरू झाली. माझ्या समितीतली मालिया, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती एक दिवस मला म्हणाली, "फुआतिनो, लोसाचं पोट पार बिघडलंय गं. दिवसभर संडासात असते."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी सकाळी गेले, संडासातून हाक मारली तिनं, 'मालिया, ये जेवायला.' दुपारी परत आले, पुन्हा तिथूनच हाक, 'मालिया, मासे मिळाले का?' संडासातून कुणी जेवायला बोलावतं का? माणूस भ्रमिष्ट झाल्याशिवाय असं करत नाही."

मी तिला गप्प बसवलं आणि तडक मावशीकडे गेले. तपासणीबिपासणी काही नाही, शिट्टीही घरी ठेवली. डुकरांच्या वाटेनं वळसा घालून ओट्यावर चढले. पायऱ्या इतक्या उंच की माझाच दम निघाला. खुर्च्या रिकाम्या. आत फरशी चकाचक, सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. "मावशी!" म्हणून हाक मारली.

"इकडे ये गं," संडासातून आवाज आला. "दार लोटलेलंच आहे."

मी दार उघडलं. मावशी कमोडचं झाकण लावून, त्यावर उशी ठेवून, पूर्ण कपड्यांत मस्त बसली होती. मांडीवर पंखा. खिडकीच्या कट्ट्यावर चष्मा, बायबल आणि कोकोचा कप. समोरच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या तिनं आडव्या करून ठेवल्या होत्या आणि त्या फटींतून ती रस्ता बघत होती.

"बघ ना," ती मला म्हणाली, "तुलीआची नात आज शाळेत गेली नाही. सकाळपासून तीनदा दुकानात. काहीतरी आहे."

हसू का रडू ते कळेना. दाराच्या उंबऱ्यावरच फतकल मारून बसले.

"मावशी, तू इथं बसतेस? दिवसभर?"

"मग कुठं बसू? त्या ओट्यावर?" तिनं पंखा आपटला. "काय बघायचं तिथं? पाणी! सकाळी पाणी, दुपारी पाणी. समुद्राला काही विचारलं तर तो उत्तर देतो का? होडी जाते ती एवढीशी, आत कोण आहे ते दिसत नाही. त्या खुर्चीत मी पहिला आठवडा बसले, मला वाटलं आपण मेलो आणि कुणी सांगायचं विसरलं."

"मग बाहेर समोर चटई टाकून बस."

"सावली कुठाय? आणि एवढं घर बांधून दिलं पोरानं, त्याची आई रस्त्यावर चटई टाकून बसली तर लोक काय म्हणतील सेमीसीला?" ती खिडकीकडे वळली. "इथून तुझे काका पण दिसतात. इथं बरं आहे. वाराही येतो."

"सेमीसीला सांग ना मग. एक खिडकी, एक दार, काय अवघड आहे?"

तिनं माझा हात असा घट्ट धरला की माझी बोटं पांढरी पडली. "त्याला एक अक्षर कळता कामा नये. तुझ्या आईची शपथ आहे तुला, फुआतिनो. दर रविवारी तो फोनवर विचारतो, 'आई, समुद्र दिसतो ना?' मी ओट्यावर जाऊन फोन समुद्राकडे धरते. म्हणते, 'दिसतो रे राजा, किती छान दिसतो.' तू काही बोललीस तर तुझं तोंड बघणार नाही."

शपथ माझ्या मेलेल्या आईची. मी गप्प बसले. पण मी गप्प बसून काय होतंय, मालिया थोडीच गप्प बसणार? तिनं ऑकलंडच्या भाच्याला फोन केला, भाच्यानं आणखी कुणाला, आणि राईचा पर्वत होऊन बातमी सेमीसीच्या कानावर गेली: तुझी आई आतड्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली आहे, संडासातून उठत नाही.

पोरगा पुढच्याच विमानानं आला. डोळे खोल गेलेले, अंगावर अजून तिकडचा जाड स्वेटर. तो आईचं तिकीट घेऊनच आला होता.

"ताई, मी तिला घेऊन जातो," तो मला म्हणाला. "तिथं मोठं इस्पितळ आहे, तपासण्या होतील. मग माझ्याकडेच राहील. इथं एकटीला कोण बघणार?"

"तिला जायचंय का?"

"ती कशाला हो म्हणेल? म्हणते मला काही झालेलं नाही. पण मी आल्यापासून बघतोय ना, ताई, खरंच ती तासन्‌तास आत असते. दार ठोठावलं की म्हणते, 'आले, आले.'"

त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर मावशीनं मला जवळ बसवलं. "फुआतिनो, तिकडे थंडी असते. तिकडे गेलेली म्हातारी माणसं परत येतात ती पेटीतून, नाहीतर तीही येत नाहीत. तुझ्या काकांच्या शेजारची जागा माझी आहे. मी चाळीस वर्षं ती झाडून ठेवलीय."

"मग खरं सांग त्याला!"

"नाही."

"अगं, तू काय दगड आहेस का?"

"नाही म्हणजे नाही. ते घर वाईट आहे असं माझ्या तोंडून त्याला कळण्यापेक्षा मी जाते ऑकलंडला."

सांगताही येईना आणि सोसवतही नाही अशी माझी गत झाली. विमान शुक्रवारी. रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी चहा पिताना एकदम लक्षात आलं: शपथ आहे ती न बोलण्याची. तपासणी न करण्याची शपथ कुठं आहे?

लगेच शिट्टी गळ्यात अडकवली, मालियाला आणि चौघीजणींना उठवलं आणि बुधवारीच तपासणी काढली. "अजून तारीख नाही आली गं," मालिया कुरकुरली. "प्रमुख कोण आहे?" मी विचारलं. ती चालू लागली.

मावशीच्या घरी शिट्टी वाजवली तसा सेमीसी घाईघाईनं बाहेर आला. बिचाऱ्यानं पहाटेच उठून अंगण झाडलेलं. नियम असा, की घरातल्या कर्त्या माणसानं समितीबरोबर फिरायचं आणि सांगू ती दुरुस्ती आमच्या डोळ्यांदेखत करायची. मी कमरेवर हात ठेवून सुरुवात केली.

"पन्हाळीचं पाणी कुठं जातं? पायाशी मुरतंय ते. खाली दगडांचा थर घाल आणि पाट काढून केळीत सोड. हा ओटा तेल लावल्याशिवाय दोन पावसाळे टिकायचा नाही. सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढ, खाली बुरशी धरते. फरशी ओली झाली की मावशी घसरेल, वर चटया टाक. बंद घरात हवा खेळायला समोरासमोर उघडी जागा लागते, एकाच बाजूला दारं करून काय उपयोग?"

"हो ताई. हो ताई," तो म्हणत होता. मावशी सोफ्यावर बसून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

मग मी संडासात गेले, खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं. "रस्त्याची धूळ! नापास!"

"ताई, मी करतो ना साफ, नंतर..."

"नंतर नाही, आत्ता. या पट्ट्या उभ्यानं पुसल्या जात नाहीत, खालच्या बाजूचा राप तसाच राहतो. बसायचं. पाण्यात लिंबू पिळायचं, एकेक पट्टी आडवी करायची, वरून पुसायची, खालून पुसायची, मग कोरड्या कागदानं. बस त्या झाकणावर."

"फुआतिनो!" मावशी ओरडली. "त्याला काय कामाला लावतेस? मी पुसेन!"

"तू गप बस मावशी. तपासणी चालू आहे."

सेमीसी आत गेला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "ताई, इथं उशी कशाला ठेवलीय?"

"मला काय विचारतोस? काच पूस."

"आणि बायबल? आईचा चष्मा?"

"पट्टी आडवी कर आणि पूस म्हटलं ना!"

आम्ही बायका बाहेर उभ्या. मालियानं तोंड उघडलं तसा मी तिच्या पायावर पाय दिला. रस्त्यानं दोन शाळकरी मुली आल्या आणि खिडकीत हालचाल दिसताच ओरडल्या, "लोसा आजी, आज गणिताची परीक्षा, प्रार्थना करा!" मागून अळकुड्यांची कावड घेऊन म्हातारा पेनी आला. खिडकीपाशी थांबला, कावड खाली ठेवली. "लोसा, काल सांगितलंस ते औषध लावलं गं, सूज उतरली." मग बस आली, तीच ती किंचाळती गाणी वाजवणारी. ड्रायव्हरनं वेग कमी केला, खिडकीकडे बघून तीनदा भोंगा वाजवला आणि पुढं गेला. पाद्रीबुवांची बायको छत्री घेऊन जात होती, तीही खिडकीला हात करून गेली.

आतून पुसण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

बराच वेळ झाला. शेवटी मीच आत डोकावले. सेमीसी ओलं फडकं हातात धरून उशीवर बसला होता आणि फटीतून बापाच्या थडग्याकडे बघत होता. एवढा मोठा बाप्या, खांदे गदगदत होते. मी बाजूला झाले. तो उठला आणि सरळ आईपाशी येऊन जमिनीवर बसला.

"आई, तुझं पोट दुखत नाही."

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "या बाईला मी..."

"ताई एक शब्द बोलल्या नाहीत. आई, तू मला का नाही सांगितलंस? मी तुला संडासात बसवलं गं! बाबांच्या डोक्यावर संडास बांधला मी! सगळं गाव बघत होतं आणि मी ऑकलंडला बसून ऐट करत होतो, आईला घर बांधलं म्हणून."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. चांगला संडास आहे. पाणी एकदासुद्धा गेलं नाही."

"हा ओटा मी आजच उखडतो," तो उठत म्हणाला. "त्याच लाकडाचं समोर तुला बसायला करून देतो. जुन्यासारखं, उघडं. नको हा समुद्र!"

"ओट्याला हात लावशील तर बघ!"

लोसामावशीला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सेमीसी जागच्या जागी थिजला.

"तो ओटा माझा नाहीच," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, मला कळलं नाही? वीस वर्षं त्या बर्फाच्या खोलीत रात्रभर उभा असतोस. खिडकी नाही, ऊन नाही. सकाळी घरी येऊन पडदे लावून झोपतोस. अशा माणसाला कागद दिला आणि म्हटलं घर काढ, तर तो काय काढणार? समुद्र काढणार. हे घर तू माझ्यासाठी बांधलंस म्हणतोस, पण बसायची जागा तुझी काढलीस, पोरा. मी कसं म्हणू तुला की ही जागा वाईट आहे? तू येईपर्यंत सांभाळतेय मी. रोज झाडते."

सेमीसी खाली बघत राहिला. माझ्या मागं मालिया हुंदके देत होती, आणि खरं सांगते, शिट्टी तोंडात धरली म्हणून माझं निभावलं.

दुपारपर्यंत भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन हजर. समोर थडग्याशेजारी खांब रोवले, तीन दिवसांत छप्पर चढलं. खांबांची बुडं जाळून घ्या म्हणजे वाळवी लागत नाही, जोतं रस्त्यापेक्षा वीतभर उंच ठेवा, पडद्यांच्या दोऱ्या बसल्या जागेवरून हाताला येतील अशा बांधा, हे सगळं मी उभं राहून करून घेतलं. संडासाच्या भिंतीपुढं जास्वंदीची ओळ लावली. रस्त्याकडच्या भिंतीत मधोमध दार पाडलं, पायरी ठेवली नाही, उतार केला. शुक्रवारचं विमान मावशीशिवाय गेलं, आणि सेमीसीशिवायही. त्यानं गोदामात फोन करून आणखी आठवडा मागून घेतला होता.

तो निघायच्या आदल्या दिवशी मी छपराच्या गाठी बघायला गेले. नव्या जागेत मावशी नव्हती. रस्त्यावरून पेनी कावड घेऊन गेला, त्याला हाक मारायलाही कुणी नाही. मला काळजी वाटली. नव्या दारानं आत गेले, घर ओलांडलं आणि काचेपाशी थांबले.

सेमीसी ओट्यावर पाय पसरून बसला होता. अंगात बनियन, तोंडावर ऊन, नजर लांब पाण्यावर. बाजूच्या खुर्चीत मावशी होती. तिनं खुर्ची फिरवून घेतली होती, समुद्राकडे पाठ करून, पार त्याच्या तोंडासमोर. मांडीवर पंखा तसाच पडलेला. तो समुद्र बघत होता आणि ती त्याला बघत होती.

"आई, मुलांच्या शाळा संपायला अजून सहा वर्षं आहेत," तो म्हणाला.

"मी विचारलं का तुला? बस गपचूप."

मी आल्या पावली मागं फिरले आणि पेनीला तिच्या वतीनं हाक मारायला रस्त्यावर गेले.